मिठागरातल्या जीवाणूत अमिनो आम्लं बनवणारी एन्झाइमं कशी ओळखायची

शिरोड्याचं मिठागर, आचऱ्याचं कांदळवन, संगमेश्वराजवळचे तुरळ-राजवाडीचे गरम झरे. कोकणातल्या प्रयोगशाळांत वेगळे केलेले जीवाणू बहुधा अशाच ठिकाणचे असतात, आणि आता त्यांचा जीनोम वाचून घेणंही कॉलेजच्या आवाक्यात आलंय. परत येणाऱ्या फाइलमध्ये तीन-चार हजार प्रथिनं असतात आणि बहुतेकांपुढे एक नाव चिकटवलेलं असतं. घोटाळा त्या नावांपासून सुरू होतो. यादीत एक एन्झाइम सापडलं नाही म्हणून ‘हा जीवाणू लायसीन बनवू शकत नाही’ असं प्रकल्पात लिहिलं जातं, आणि तोच जीवाणू नुसत्या ग्लुकोज-अमोनियाच्या माध्यमात मजेत वाढत असतो.

या कामात खरा प्रश्न ‘माझं प्रथिन अमुक एन्झाइमशी किती जुळतं’ हा नसतो. ‘दुसरं काम करणाऱ्या कुठल्या एन्झाइमशी ते तितकंच जुळतं’ हा असतो. पहिली जुळणी सगळेच बघतात. दुसरी बघायची सवय लावून घ्यायला हवी, आणि पुढची बरीचशी कृती त्यासाठीच आहे.

आधी फाइल तपासा

जीवाणूत साधारण दर हजार बेस-जोड्यांमागे एक जनुक असतं. ४० लाख जोड्यांच्या जीनोममध्ये ४,००० च्या आसपास प्रथिनं दिसली तर ठीक. ७,००० दिसली तर एकतर नमुन्यात दुसरा जीवाणू मिसळलाय, नाहीतर जनुकं तुटलीत. चेक-एम किंवा बुस्को (जीनोम किती पूर्ण वाचला गेलाय ते मोजणारे प्रोग्राम) चालवून पूर्णता आणि भेसळ हे दोन्ही आकडे बघा. पूर्णता ९५ टक्क्यांच्या खाली असेल तर ‘अमुक जनुक नाही’ हे वाक्य तोंडातून काढू नका. अमिनो आम्लं बनवणाऱ्या जनुकांपैकी दोन-तीन न वाचलेल्या तुकड्यांत पडली असण्याची शक्यताच जास्त.

फक्त नॅनोपोरवर (डीएनएचे लांब तुकडे वाचणारं तंत्र) जोडलेला जीनोम असेल तर आणखी एक खोड असते. एकच बेस पाच-सात वेळा सलग येतो तिथे वाचनात एखादा बेस गळतो किंवा वाढतो, वाचनाची तीन-तीन बेसची चौकट सरकते आणि एका प्रथिनाची दोन अर्धी प्रथिनं होतात. ओळखायची खूण अशी: एकाच संदर्भ-प्रथिनाचा पहिला अर्धा भाग तुमच्या १२०१ क्रमांकाच्या प्रथिनाशी जुळतो, दुसरा अर्धा १२०२ शी. हे दिसलं की जनुक ‘तुटकं’ म्हणून लिहा, ‘नाही’ म्हणून नको. जमल्यास इल्युमिनाच्या, म्हणजे छोट्या पण जास्त अचूक, वाचनांनी जीनोम दुरुस्त करून घ्या.

जनुकं प्रोडिगल या प्रोग्रामने शोधली असतील तर जनुकीय संकेतांचा तक्ता ११ (जीवाणूंसाठीचा) वापरलाय ना, तेही पाहा. जीवाणूंत जीटीजी आणि टीटीजी यांनीही प्रथिनाची सुरुवात होते. स्ट्रेप्टोमायसिससारख्या, जी-सी प्रमाण ७० टक्क्यांवर असलेल्या जीनोममध्ये सुरुवातीची जागा चुकणं नेहमीचं आहे. त्यामुळे पहिल्या वीस-तीस अमिनो आम्लांत जुळणी नसली तर लगेच बिचकू नका.

तुलना कशाशी करायची

एनसीबीआयच्या सर्वसमावेशक प्रथिन-संग्रहाशी तुलना केली की ९९ टक्के जुळणारं प्रथिन मिळतं आणि बरं वाटतं. पण त्या ९९ टक्केवाल्याचं नावही कुणीतरी संगणकाने तिसऱ्यावरून उचललेलं असतं, तिसऱ्याने चौथ्यावरून. काम प्रयोगाने सिद्ध झालेलं प्रथिन त्या साखळीच्या टोकाला असेलच याची खात्री नाही. म्हणून तुलना थेट सिद्ध झालेल्या प्रथिनांशी करायची, मग जुळणी ४५ टक्केच का असेना.

सुरुवात स्विस-प्रॉटपासून, म्हणजे माणसांनी तपासलेल्या प्रथिन-नोंदींच्या संग्रहापासून, करा. त्यात सुमारे पावणेसहा लाख नोंदी आहेत, साध्या लॅपटॉपवर मावतात. पण स्विस-प्रॉटमध्ये असणं म्हणजे प्रयोग झालेला असणं नव्हे. इथे बरेच जण फसतात, कारण नोंदीत ‘प्रथिनाच्या पातळीवर पुरावा’ असा शेरा दिसतो. तो शेरा प्रथिन पेशीत सापडलं एवढंच सांगतो, ते काय करतं याबद्दल अवाक्षर काढत नाही. बघायचं ते कार्याच्या ओळीपुढचं पुराव्याचं सांकेतिक चिन्ह. ‘ईसीओ ००००२६९’ असेल तर शोधनिबंधातला प्रयोग आहे. ‘ईसीओ ००००२५०’ म्हणजे साधर्म्यावरून काढलेला निष्कर्ष आणि ‘ईसीओ ००००२५५’ म्हणजे ठरलेल्या नियमाने किंवा मॉडेलने लावलेलं नाव. शेवटच्या दोन गटांतली प्रथिनं तुमच्या संदर्भ-संचातून काढून टाका. संच खूप लहान होईल. तो लहानच हवा.

हे सगळं हाताने करायचं नसेल तर गॅपमाइंड आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेलं हे साधन १७ अमिनो आम्लं आणि कोरिस्मेट (ट्रिप्टोफॅनसारख्या सुगंधी अमिनो आम्लांचा आधीचा टप्पा) यांचे मार्ग तपासतं. अ‍ॅलॅनीन, अ‍ॅस्पार्टेट आणि ग्लुटामेट त्याने मुद्दाम सोडलेत, कारण ती मध्यवर्ती चयापचयातल्या पदार्थांपासून एका पायरीत तयार होतात आणि ती पायरी करू शकणारी अमिनोट्रान्सफरेज (अमिनो गट एका रेणूवरून दुसऱ्यावर नेणारी एन्झाइमं) ढिगाने असतात. प्रथिनांची फास्टा फाइल (क्रमांची साधी मजकूर-फाइल) चढवायची, काही मिनिटांत प्रत्येक पायरीपुढे उमेदवार आणि त्याची खात्री उच्च, मध्यम की कमी ते येतं. त्याचा उच्च खात्रीचा निकष लक्षात ठेवण्यासारखा आहे: सिद्ध झालेल्या प्रथिनाशी किमान ४० टक्के साम्य, ८० टक्के लांबी झाकलेली, आणि दुसरं काम करणाऱ्या कुठल्याही सिद्ध प्रथिनापेक्षा किमान १० बिट (जुळणीच्या गुणांचं एकक) जास्त गुण. तिसरी अट नेमकी दुसऱ्या जुळणीबद्दल आहे. गॅपमाइंडचा निकाल हा पहिला मसुदा समजा. मध्यम आणि कमी खात्रीच्या पायऱ्या हाताने तपासायच्याच आहेत.

ब्लास्ट चालवताना

पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क यांचा भरवसा नसतो, तेव्हा ब्लास्ट (प्रथिनं जोडीजोडीने जुळवणारा प्रोग्राम) आणि एचएमएमर (प्रथिन एका कुटुंबाच्या मॉडेलशी जुळवणारा) दोन्ही स्वतःच्या यंत्रावर बसवून घ्या. चार हजार प्रथिनांचा एक जीनोम आणि काही शे संदर्भ-प्रथिनं एवढी तुलना जुन्या लॅपटॉपवरही चहा होईपर्यंत उरकते.

सिद्ध प्रथिनं ‘प्रश्न’ म्हणून घ्या, तुमच्या जीवाणूची प्रथिनं ‘संग्रह’ म्हणून. मग जे उमेदवार सापडतील ते उलट दिशेने सगळ्या सिद्ध प्रथिनांवर चालवा. ही उलटी फेरी सोडली तर बाकी सगळं वाया.

ब्लास्टचं तक्त्याच्या स्वरूपातलं उत्तर, म्हणजे स्वरूप क्रमांक ६, मुळात बारा रकाने देतं आणि त्यांत दोन्ही प्रथिनांच्या पूर्ण लांब्या नसतात. त्या मागून घ्याव्या लागतात. न घेतल्यास झाकलेल्या लांबीची टक्केवारी काढता येत नाही, आणि मग ४०० अमिनो आम्लांच्या प्रथिनातल्या ९० च्या तुकड्यावर मिळालेलं ५५ टक्के साम्य बघून माणूस खूश होतो. लांबीची टक्केवारी दोन्ही बाजूंनी काढा, स्वतःच्या प्रथिनाची आणि संदर्भाचीही. कारण पुढे येईलच.

प्रत्येक प्रश्नाला एकच सर्वोत्तम उत्तर मागण्याचा पर्याय वापरू नका. एक तर त्यातून नेहमी खरंच सर्वोत्तम मिळेल याची हमी नाही, आणि दुसरी जुळणी तर हातातून जातेच. किमान शंभर ओळी येऊ द्या, नंतर गाळा.

ई-मूल्यापेक्षा (इतकी चांगली जुळणी निव्वळ योगायोगाने किती वेळा मिळेल, तो आकडा) बिट-गुण बघायची सवय ठेवा. ई-मूल्य संग्रहाच्या आकाराबरोबर बदलतं. तीच जुळणी ४,००० प्रथिनांच्या संग्रहात मिळाली तर जे ई-मूल्य येईल, त्याच्या सुमारे १४० पट मोठं ते स्विस-प्रॉटमध्ये येईल. बिट-गुण तसेच राहतात. दोन वेगवेगळ्या शोधांतले आकडे शेजारी ठेवायचे असतील तर बिटच ठेवा. सुरुवातीला गाळणी ढिली म्हणजे ई-मूल्य ०.००१ ठेवली तरी चालते.

साम्य ३० टक्क्यांच्या खाली घसरलं की जोड्या जुळवून भागत नाही, तिथे एचएमएम मॉडेल, म्हणजे अख्ख्या प्रथिन-कुटुंबाचा कल टिपणारे साचे, लागतात. टिगरफॅम या संग्रहातल्या मॉडेलांना प्रत्येकी स्वतःची विश्वासाची मर्यादा ठरवून दिलेली असते. एचएमएमर चालवताना तीच वापरा, सगळ्यांना एकच ई-मूल्य लावू नका. पीफॅम या दुसऱ्या संग्रहातलं मॉडेल मात्र बहुधा कुटुंब सांगतं, काम नाही. ‘वर्ग ३ अमिनोट्रान्सफरेज’ एवढं कळून अर्जिनीनच्या मार्गातली पायरी भरली असं होत नाही. ते का, हे पुढच्या उदाहरणात बघू.

एक पायरी जवळून: आर्ग-डी

अर्जिनीन बनवताना एन-अ‍ॅसिटिलग्लुटामेट सेमिअल्डिहाइडला अमिनो गट लावून अ‍ॅसिटिलऑर्निथीन करायचं काम आर्ग-डी करतं. (अशा नावांचा पहिला भाग मार्ग सांगतो: आर्ग म्हणजे अर्जिनीन, ट्रिप ट्रिप्टोफॅन, थ्र थ्रिओनीन, मेट मेथिओनीन, इल्व्ह आयसोल्यूसीन-व्हॅलीन, ल्यू ल्यूसीन, सेर सेरीन, हिस हिस्टिडीन.) प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या ई. कोलाय के-१२ या जीवाणूत ते ४०६ अमिनो आम्लांचं आहे. मिठागरातल्या हॅलोमोनास या मीठप्रिय जीवाणूत ते शोधायला गेलात तर एक सोडून अर्धा डझन उमेदवार पुढे येतात, सगळे चारशेच्या आसपास लांबीचे, सगळ्यांच्या क्रियास्थळी पिरिडॉक्सल फॉस्फेट (क्रियेला लागणारा मदतनीस रेणू) धरणारा लायसीन.

त्यांत आर्ग-डी असेल. अर्जिनीन तोडणारं अ‍ॅस्ट-सी असेल, जे आर्ग-डीचं सख्खं भावंड शोभेल इतकं जवळचं असतं. गॅमा-अमिनोब्युटिरेटवर काम करणारं गॅब-टी, बायोटिनच्या मार्गातलं बायो-ए आणि हीमच्या मार्गातलं हेम-एल असेल. हेम-एल तर अमिनो गट दुसऱ्या रेणूला देतही नाही, त्याच रेणूत जागा बदलतं. आणि मिठात राहणाऱ्या जीवाणूत एक हमखास भर असते ती एक्ट-बीची. बाहेरच्या मिठाशी तोल राखायला हे जीवाणू एक्टोइन नावाचा पदार्थ पेशीत साठवतात, त्याच्या मार्गातलं हे अमिनोट्रान्सफरेज आहे.

आता तक्ता मांडा. आडव्या ओळींत तुमचे उमेदवार, उभ्या रकान्यांत सहा कामं. प्रत्येक कामासाठी दोन-तीन वेगळ्या प्रजातींतली, प्रयोगाने सिद्ध झालेली प्रथिनं घ्या आणि चौकोनात त्यांच्यातला सर्वात मोठा बिट-गुण लिहा. समजा एका ओळीत आर्ग-डी ४४०, अ‍ॅस्ट-सी ३१० आणि बाकी सगळे २०० च्या खाली आलं, तर वाद नाही. दुसऱ्या ओळीत आर्ग-डी ४०२, अ‍ॅस्ट-सी ४१० आलं, तर गुणांवरून निर्णय होत नाही हे मान्य करा आणि पुढे जा. गॅपमाइंडची १० बिटांची अट ही किमान अट आहे. इतक्या जवळच्या कुटुंबात पहिल्या आणि दुसऱ्या गुणांत एकूण गुणांच्या दहा टक्क्यांहून कमी फरक असेल तर आम्ही ती जागा अनिर्णित धरावी असं सुचवतो.

अनिर्णित जागेसाठी शेजारी बघा. जीवाणूंत एका मार्गाची जनुकं पुष्कळदा लागून असतात. शेजारी अ‍ॅस्ट-ए आणि अ‍ॅस्ट-डी असतील तर तुमचा उमेदवार अर्जिनीन तोडणाऱ्यांत गेला. एक्ट-ए आणि एक्ट-सी यांच्या मध्ये बसलेला असेल तर तो एक्ट-बी, मग यादीतलं नाव काहीही असो. बायो-बी, बायो-एफ आजूबाजूला असतील तर बायो-ए.

तरी सुटेना तर वंशवृक्ष काढा: माफ्टने प्रथिनं ओळीला लावायची, आयक्यू-ट्रीने झाड काढायचं, आणि उमेदवार सिद्ध प्रथिनांच्या कुठल्या फांदीवर बसतो ते बघायचं. झाडात सिद्ध प्रथिनं घातलीच नाहीत तर नुसती सुंदर आकृती मिळते.

आणि सगळं करूनही फक्त अ‍ॅस्ट-सी सापडलं, आर्ग-डी नाहीच, असं झालं तर? सुडोमोनास एरुजिनोसामध्ये हेच घडतं. तिथे एकच एन्झाइम अर्जिनीन तोडतानाही वापरलं जातं आणि बनवतानाही. उलट बाजूने, ई. कोलायचं आर्ग-डी लायसीनच्या मार्गातली सक्सिनिल-डायअमिनोपिमेलेटची पायरीही निभावतं. म्हणून आर्ग-डी असताना लायसीनच्या रकान्यात ‘डॅप-सी (त्या पायरीचं नेहमीचं एन्झाइम) सापडलं नाही’ असं लाल शाईने लिहिण्यात अर्थ नाही.

एक्टोइनवाल्या जनुकांशेजारी कधी कधी एक अ‍ॅस्पार्टोकायनेजही असतं. एक्टोइन आणि लायसीन दोन्हींची सुरुवात अ‍ॅस्पार्टेटपासूनच होते, म्हणून. ते लायसीनच्या हिशेबात धरू नका. लायसीन-थ्रिओनीनसाठीचं दुसरं अ‍ॅस्पार्टोकायनेज जीनोममध्ये आहे का ते वेगळं शोधा.

जिथे एकच अमिनो आम्ल निकाल फिरवतं

काही कुटुंबांत बिट-गुणही पुरत नाहीत. कार्बामॉइलट्रान्सफरेजांत पायर-बी पिरिमिडीनसाठी, आर्ग-एफ ऑर्निथीनवर चालतं. पण झँथोमोनास कॅम्पेस्ट्रिसमध्ये त्याच कुटुंबातलं एन्झाइम अ‍ॅसिटिलऑर्निथीनवर आणि बॅक्टेरॉइडिस फ्रॅजिलिसमध्ये सक्सिनिलऑर्निथीनवर चालतं. शेवटच्या दोघांत क्रियास्थळावरचं एक अमिनो आम्ल बदललं की एकाचं काम दुसऱ्याकडे जातं, हे प्रयोगाने दाखवलं गेलंय. मेथिओनीनच्या मार्गातल्या मेट-एचंही तसंच. कुठे ते होमोसेरीनला सक्सिनिल गट लावतं, कुठे अ‍ॅसिटिल. क्रियास्थळी ग्लुटामेट आहे की ग्लायसीन यावर ते ठरतं. मेट-एक्स हे दिसायला पूर्ण वेगळं कुटुंब तेच काम करतं, आणि त्याच्यातही दोन्ही प्रकार आहेत. म्हणून ‘मेट-ए म्हणजे सक्सिनिल, मेट-एक्स म्हणजे अ‍ॅसिटिल’ हे पाठांतर सोडून द्या.

अशा वेळी उमेदवार आणि दोन-तीन सिद्ध प्रथिनं ओळीला लावून जालव्ह्यू या जुळणी दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडा आणि ती जागा डोळ्यांनी बघा. क्रमांक तसेच्या तसे उतरत नाहीत. साल्मोनेलाच्या ट्रिप-एमध्ये क्रियेला लागणारे ४९ वा ग्लुटामेट आणि ६० वा अ‍ॅस्पार्टेट तुमच्या प्रथिनात ५३ आणि ६४ वर असू शकतात. बघायचं ते ओळीतल्या रकान्यात काय आहे. साम्य ५० टक्के असूनही हे दोन नसतील तर ते प्रथिन ट्रिप-एचं काम करत असेल असं धरू नका.

जोडलेली आणि छोटी

ई. कोलायचं थ्र-ए ८२० अमिनो आम्लांचं आहे: पुढचा भाग अ‍ॅस्पार्टोकायनेज, मागचा होमोसेरीन डिहायड्रोजनेज. ट्रिप-सी आणि ट्रिप-एफ तिथे एकाच ४५३ च्या साखळीत आहेत, तुमच्या जीवाणूत वेगळे असू शकतात. मोरिटेला या थंड समुद्रातल्या जीवाणूत आर्ग-एचच्या शेपटीला अ‍ॅसिटिलग्लुटामेट बनवणारा भाग जोडलेला आहे. नेहमीचं आर्ग-ए शोधत बसलात तर ते नाहीच असं वाटेल. झाकलेली लांबी दोन्ही बाजूंनी काढायची ती याचसाठी. संदर्भ ९५ टक्के झाकला गेला आणि तुमचं प्रथिन ४० टक्केच, तर जोडलेलं प्रथिन असण्याचा संशय घ्या आणि उरलेल्या भागाचा वेगळा शोध करा.

छोट्या प्रथिनांचा त्रास उलटा. इल्व्ह-एन फक्त ९६ अमिनो आम्लांचं. इतक्या लांबीवर चांगली जुळणीही बिट-गुण फारसे देत नाही, आणि ई-मूल्याच्या कडक गाळणीत ते वाहून जातं. मोठा जोडीदार इल्व्ह-बी सापडल्यावर त्याच्या पुढचं-मागचं जनुक हाताने उघडून बघा. इल्व्ह-बीबाबतही सावध: पायरुव्हेट ऑक्सिडेज आणि ग्लायऑक्सिलेट कार्बोलायगेज त्याच घराण्यातले आहेत. ल्यू-सी आणि ल्यू-डीची गाठ अ‍ॅकोनिटेजशी, ल्यू-बीची आयसोसायट्रेट डिहायड्रोजनेजशी पडते. सगळ्यांना वरचाच तक्ता लावा.

‘नाही’ लिहिण्याआधी

जनुक सापडलं नाही तर सर्वात आधी प्रथिनांऐवजी कच्च्या डीएनएवर, सहाही चौकटींत शोध करा. टीब्लास्टएन हे करतं. जनुक शोधणाऱ्या प्रोग्रामने वगळलेली किंवा तुकड्याच्या काठावर अर्धी राहिलेली जनुकं इथे सापडतात.

मग दुसऱ्या वाटेचा विचार, आणि तो जीवाणू कुठला यावर अवलंबून.

कांदळवनातल्या चिखलातून स्ट्रेप्टोमायसिस आणि त्यांचे भाऊबंद मिळतात. त्यांच्यात ट्रिप-एफ बहुधा सापडत नाही, आणि तसंच अपेक्षित आहे. प्रि-ए हे एकच एन्झाइम हिस्टिडीनच्या मार्गातलं हिस-एचं आणि ट्रिप्टोफॅनच्या मार्गातलं ट्रिप-एफचं अशी दोन्ही कामं करतं. याच गटात डिहायड्रोक्विनेज (कोरिस्मेटच्या मार्गातलं एन्झाइम) दुसऱ्या प्रकारचं असतं, साधारण दीडशे अमिनो आम्लांचं, ई. कोलायच्या २५२ च्या अ‍ॅरो-डीशी त्याचं वांशिक नातंच नाही, त्यामुळे ई. कोलायचं प्रथिन घेऊन शोधलंत तर ते कधीच सापडणार नाही. हिस्टिडिनॉल फॉस्फेटचा फॉस्फेट काढणारी एन्झाइमं तर तीन वेगवेगळ्या कुळांतली आहेत. तिन्हींचे नमुने संदर्भ-संचात हवेत.

गरम झऱ्यातला जीवाणू थर्मस असेल तर लायसीनसाठी डायअमिनोपिमेलेटचा मार्ग शोधू नका. तो अल्फा-अमिनोअ‍ॅडिपेटच्या वाटेने जातो आणि वाटेतले पदार्थ लिस-डब्ल्यू नावाच्या छोट्या वाहक-प्रथिनाला जोडून नेतो. बॅसिलसच्या घराण्यातला असेल तर डायअमिनोपिमेलेटचाच मार्ग, पण सक्सिनिलऐवजी अ‍ॅसिटिल गटाचा, किंवा थेट डिहायड्रोजनेजचा. सेर-बी हे आणखी एक कायमचं दुखणं. फॉस्फोसेरीनचा फॉस्फेट काढायला जीवाणूंनी अनेक कुळांतली एन्झाइमं कामाला लावलीत. हायड्रोजेनोबॅक्टर थर्मोफिलसमध्ये तर ते फॉस्फोग्लिसरेट म्युटेजच्या कुळातलं निघालं. सेर-ए आणि सेर-सी ठळकपणे सापडले आणि सेर-बी नाही, तर ‘एन्झाइम अज्ञात’ लिहा, ‘मार्ग अपूर्ण’ नको.

अ‍ॅस्पराजीन सिंथेटेज नसणंही सर्रास आहे. पुष्कळ जीवाणू टीआरएनएवर चढवलेल्या अ‍ॅस्पार्टेटचंच अ‍ॅस्पराजीन करतात. हे करणारे गॅट-ए, गॅट-बी, गॅट-सी सापडले की ही वाट खुली असू शकते.

बशीत पडताळा

संगणकावरचं ‘नाही’ खरं की खोटं ते किमान माध्यम (नुसतं ग्लुकोज, अमोनिया आणि क्षार, अमिनो आम्लं नाहीत) ठरवतं. एम-९ या नेहमीच्या किमान माध्यमाचं प्रमाण एका लिटरला: निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६ ग्रॅम, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ३ ग्रॅम, अमोनियम क्लोराइड १ ग्रॅम, मीठ ०.५ ग्रॅम. हे ऑटोक्लेव्ह करून गार झाल्यावर वेगळं निर्जंतुक केलेलं १ मोलर मॅग्नेशियम सल्फेट २ मिली, १ मोलर कॅल्शियम क्लोराइड ०.१ मिली आणि २० टक्के ग्लुकोज २० मिली घालायचं. सगळं एकत्र ऑटोक्लेव्ह केलंत तर फॉस्फेटचा पांढरा गाळ बसतो. हॅलोमोनाससाठी मीठ ५० ते ८० ग्रॅमपर्यंत न्या, शुद्ध रसायन वापरून. खाडीच्या पाण्यात एम-९ बनवायचा मोह टाळा, त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमने गाळ होतो आणि विरघळलेली अमिनो आम्लं आपसूक आत येतात. लोह आणि इतर सूक्ष्म धातू थोडे घालावे लागतात.

पोषक माध्यमातून पेशी थेट टाकल्या तर सोबत आलेल्या अमिनो आम्लांवर त्या एखादी पिढी काढतात. आधी दोनदा धुवा, मग किमान माध्यमातून किमान माध्यमात सलग तीनदा शंभरास एक या प्रमाणात उतरवा, तिसऱ्या वेळची वाढच ग्राह्य धरा. धुताना पाण्यातलं मीठ माध्यमाइतकंच ठेवा. मिठागरातल्या पेशी ०.८५ टक्के सलाइनमध्ये धुतल्या तर त्यातल्या बऱ्याच फुटतात, आणि मग ‘वाढ नाही’ याचा अमिनो आम्लांशी काही संबंध राहत नाही.

वाढ झाली नाही तरी घाई नको. आधी जीवनसत्त्वं घालून बघा: बायोटिन, थायमिन, बी-१२. जीनोममध्ये मेट-ई (बी-१२ शिवाय चालणारं) नसून फक्त मेट-एच (बी-१२ लागणारं) असेल आणि बी-१२ बनवायचा मार्ग नसेल, तर मेथिओनीनच्या मार्गातली सगळी एन्झाइमं जागेवर असूनही जीवाणू बाहेरच्या बी-१२ वाचून अडतो. जीवनसत्त्वांनी वाढला नाही तर वीस अमिनो आम्लांचं मिश्रण द्या, मग एकेक वगळत जा. प्रत्येकाचं प्रमाण लिटरला ४० मिलिग्रॅमच्या आसपास पुरतं. एकेकटं घालून तपासायचं असेल तर व्हॅलीनबरोबर आयसोल्यूसीनही द्या, कारण ई. कोलाय के-१२ सारख्या काही जीवाणूंची वाढ एकट्या व्हॅलीननेच थांबते.

स्ट्रेप्टोमायसिस द्रवात गोळ्या करून वाढतो, तिथे गढूळपणा मोजून उपयोग नाही. घन माध्यमावर बघा, आणि साध्या अगारऐवजी धुतलेला अगार किंवा अ‍ॅगरोज घ्या. साध्या अगारातली अशुद्धी अर्धवट वाढीला पुरेशी असते.

शेवटचा तक्ता मांडताना प्रत्येक पायरीपुढे पाच गोष्टी लिहा: उमेदवाराचा क्रमांक, सर्वात जवळचं सिद्ध प्रथिन आणि त्याचे बिट-गुण, दोन्ही बाजूंची झाकलेली लांबी, दुसरं काम करणाऱ्या सर्वात जवळच्या सिद्ध प्रथिनाचं नाव आणि गुण, आणि किमान माध्यमातला निकाल. चौथा रकाना रिकामा असलेली ओळ तपासलेली धरू नका.